समुद्र कोणी बघितलाय?

आमच्या हॉस्टेलमध्ये पोराला त्याच्या नावानं हाक मारायची पद्धत नाही. पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात सीनिअर विचारतात, "गाव कोणतं रे?" आणि जे उत्तर येईल तेच पुढं चार वर्षं नाव म्हणून चिकटतं. त्यामुळे आमच्या मजल्यावर किनवट आहे, मुखेड आहे, अहमदपूर, चाकूर आणि औसा आहेत. मी लातूर. मेसमध्ये कुणी ओरडलं, "चाकूर, भाजी सरकव!" तर नवीन माणसाला वाटावं आपण चुकून एसटी स्टँडवर आलो.

तर मित्रांनो, ही गोष्ट या सहा गावांनी मिळून केलेल्या एका प्लॅनची आहे. ट्रीपची नाही, प्लॅनची. कारण ट्रीप चार दिवसांत संपली. प्लॅन मात्र महिनाभर चालला, आणि खरं शिकायला मिळालं ते त्यातच.

सुरुवात झाली नोव्हेंबर २०२४ मध्ये, पाचव्या सेमिस्टरच्या सबमिशनच्या धामधुमीत. हॉस्टेलचा नियमच आहे, काम जितकं जास्त तितक्या ट्रीपच्या गप्पा जास्त. रात्री साडेबाराला मुखेड जर्नल पूर्ण करता करता म्हणाला, "पेपर झाले की कुठंतरी जाऊ बाबा. माहूर नको, औंढा नको. देव बघून झाले."

"मग काय बघायचं?"

"समुद्र."

एकदम शांतता पसरली. मग किनवटनं विचारलं, "समुद्र कोणी कोणी बघितलाय?"

अहमदपूरनं हात वर केला, औशानं केला. चाकूरनं केला. मीही केला. किनवट तेवढा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मी सहस्रकुंडचा धबधबा बघितलाय. चालतंय का?"

त्या रात्री वर गेलेल्या हातांपैकी किती खरे होते, ते पुढे कळेलच.

कुठं जायचं यावर फार वाद झाला नाही. मुंबई नको, गोवा नको (गोवा म्हटलं की घरून परवानगी नाही). मुखेडनं मोबाईलवर नकाशा उघडला आणि म्हणाला, "ए, इकडं बघा. आपल्या गेटसमोरून जो रस्ता लातूरला जातो ना, तो पुढं कुठं जातो माहितंय का?"

कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षं आम्ही त्या रस्त्यावर चहा पितोय, पंक्चर काढतोय, एसटीची वाट बघतोय. आमच्या दृष्टीनं तो लातूर रोड. फार तर तुळजापूर रोड. पण ज्याला सगळे रत्नागिरी–नागपूर महामार्ग म्हणतात, तो हाच! पूर्वी याचा नंबर २०४ होता. आता नागपूरजवळच्या बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करत तुळजापूरपर्यंत तो ३६१ आहे, आणि सोलापूरपासून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत रत्नागिरीपर्यंत १६६.

औसा म्हणाला, "म्हणजे हे आपलं सगळ्यांचंच गाव गाव करत समुद्रापर्यंत जातंय की!"

खरंच, लोह्यानंतरची पाटी अहमदपूरची, मग चाकूर, लातूर, औसा. किनवट आणि मुखेड तेवढे बाजूला राहिले. रत्नागिरी पक्की झाली. नांदेडपासून सहाशे किलोमीटरच्या वर, पण एकच रस्ता. चुकायचा प्रश्नच नाही.

मला हॉस्टेलमध्ये दोन पदं आहेत. एक, मी आमच्या मेसचा सेक्रेटरी. दोन, कोणत्याही ट्रीपचा खजिनदार. दोन्ही पदं मला कुणी मागून दिली नाहीत. वही व्यवस्थित ठेवतो म्हणून गळ्यात पडली. त्याच रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. क्रूझर गाडी भाड्यानं. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून १४०० किलोमीटर, किलोमीटरला १६ रुपये, म्हणजे २२४०० रुपये. ड्रायव्हरचा चार दिवसांचा भत्ता २०००. एकूण २४४०० भागिले सहा. राहणं, खाणं, वरखर्च मिळून माणशी सहा हजार.

"जमतंय," अहमदपूर म्हणाला.

"जमवू," औसा म्हणाला.

चाकूर उठून उभा राहिला आणि टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "तुम्ही या जाऊन. मी बघितलाय समुद्र. दोनदा काय बघायचा?"

आम्ही त्याला दोन-तीनदा आग्रह केला, मग सोडून दिला. खरं सांगतो, त्यावेळी मला राग आला होता तो भागाकाराचा. सहानं भागायचे ते पाचानं भागावे लागणार होते.

आता इथं मेसच्या रजिस्टरची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांनी मेस चालवली आहे त्यांना "खाडा" म्हणजे काय ते सांगायला नको. ज्या दिवशी जेवणार नाही त्याच्या आदल्या दिवशी रजिस्टरला नोंद करायची, म्हणजे तेवढे पैसे महिन्याच्या बिलातून कमी होतात. आमच्या मेसला एका दिवसाचाही खाडा चालतो. नोव्हेंबरचं बिल काढायला बसलो तेव्हा चाकूरच्या नावापुढं १२ खाडे दिसले. तो त्या महिन्यात एक दिवसही गावाकडं गेला नव्हता. मला माहीत होतं, कारण त्याची खोली माझ्या खोलीला लागूनच आहे.

मी मागची पानं उलटली. ऑक्टोबरमध्ये ९, सप्टेंबरमध्ये ८. आधी सगळे मंगळवार आणि शनिवार. मग गुरुवारही. त्यानं आम्हाला सांगितलं होतं, मंगळवार-शनिवार उपास धरलाय. आम्ही त्याची थट्टाही केली होती, "कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी मारुतीला पटवायलास का?" म्हणून. तोही हसला होता.

रजिस्टर बंद करून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्या वर्षी सोयाबीनचा सरकारी हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आगेमागे. आमच्या मजल्यावर निम्म्या पोरांच्या घरी सोयाबीन आहे. सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण हॉस्टेलमध्ये आम्ही क्रिकेटवर बोलतो, पोरींवर बोलतो, सरांच्या नकला करतो. घरच्या पैशांवर कुणी बोलत नाही.

त्या रात्री तो गच्चीवर पाठ करत फिरत होता. आमच्या गच्चीवरून विष्णुपुरीच्या जलाशयाचं पाणी दिसतं, रात्री नुसता काळा पट्टा. मी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"चाकूर, मी समुद्र बघितलेला नाही."

तो थांबला. "तू तर म्हणायचास सहावीत चौपाटीवर गेलतो."

"सहावीत मी पाण्याच्या रांगेत होतो."

ते खरंच होतं. मी सहावीत असतानाचा २०१६ चा उन्हाळा लातूरचं कुणी विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनानं मार्चमध्ये जमावबंदी लावली होती. घरातल्या लहान पोरांचं काम एकच, घागरी रांगेत लावायच्या आणि नंबर सांभाळायचा. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. नाव जलदूत. सुमारे ३४० किलोमीटरवरून, कृष्णेचं पाणी. पुढं ५० वाघिणींची गाडी यायला लागली तेव्हा बाबा मला मोटारसायकलवर ती बघायला घेऊन गेले होते. लोक देवाची पालखी बघावी तसे बघत होते. सुट्टी संपल्यावर शाळेत बाईंनी विचारलं, सुट्टीत कोण कुठं गेलं होतं? वर्गातला एक मुलगा मुंबईला जाऊन आला होता. मी त्याच्या पुढचा नंबर आल्यावर म्हटलं, मी पण. चौपाटी बघितली. ते खोटं मी तेव्हापासून सांभाळत होतो.

हे सगळं ऐकून चाकूर हसला. मग म्हणाला, "मी पण नाही बघितला." थोड्या वेळानं, "पैसे नाहीत रे. आणि तुम्ही माझे भरणार असाल तर मी येणार नाही. आधीच सांगतो."

मी खाड्यांचं काही बोललो नाही. आजही त्याला माहीत नव्हतं की मला कळलंय. हे छापायच्या आधी मात्र त्याला वाचायला दिलं. त्यानं दोन शब्द खोडले आणि "छाप" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी सभा बोलावली आणि म्हटलं, "प्लॅन रद्द."

सगळे खवळले. मी म्हटलं, "रद्द म्हणजे नवा करू. क्रूझर नको. एसटीनं जाऊ."

"एसटीनं जायचं तर रोड ट्रीप कसली?" औसा.

"मग एसटी काय रुळावरून चालते का?" किनवट. (हे वाक्य आमच्या मजल्यावर अजून चालू आहे.)

एसटीचा एक पास आहे, तो फार जणांना माहीत नसतो. "आवडेल तेथे प्रवास". चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. एकदा काढला की तेवढे दिवस राज्यात कुठंही, कितीही वेळा, कोणत्याही साध्या गाडीत बसा. शहरातल्या एसटीच्या बसमध्येसुद्धा चालतो. त्यावेळी चार दिवसांचा पास आमच्या क्रूझरच्या वाट्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत येत होता. राहायला एकाच खोलीत सहाजण, खायला बरंचसं घरचं. नवा आकडा, माणशी २५००.

मी आकडा वाचून दाखवला आणि वहीतून वर बघितलं नाही. बराच वेळानं कोपऱ्यातून आवाज आला, "एसटीनं असेल तर येतो मी. मला क्रूझरमध्ये उलटी होते."

अहमदपूर काहीतरी बोलायला गेला, मी त्याच्या पायावर पाय दिला.

आता खरं इंजिनिअरिंग सुरू झालं. त्या पासाची एक मेख आहे. तो दिवसावर चालतो, तासांवर नाही. पहिल्या दिवशी रात्री बाराला सुरू, चौथ्या दिवशी रात्री बाराला बंद. म्हणजे संध्याकाळी निघालं तर पहिला दिवस वाया. पहाटे पहिल्या गाडीनं निघायचं आणि चौथ्या दिवशी रात्री बाराच्या आत आपापल्या घरी पोचायचं. एकूण ९६ तास. मॅनेजमेंटच्या पेपरला सीपीएम आणि पर्ट आम्ही पाठ करून लिहिलं होतं. क्रिटिकल पाथ म्हणजे काय ते सोलापूर स्टँडवर कळलं. सगळा प्लॅन दोन जोडण्यांवर उभा होता, लातूरला सोलापूरची गाडी आणि सोलापूरला कोल्हापूरची. मुखेडनं मोठ्या ड्रॉइंग शीटवर नेटवर्क काढलं. कोल्हापूरला त्याचा मावसभाऊ रूम करून राहतो, तिथं पहिली रात्र. पहाटे आंबा घाटातून साखरपा, पाली, हातखंबा करत दुपारच्या आत रत्नागिरी. चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला परत.

मधे उरतात दीड दिवस. दीड दिवसात काय काय बघायचं यावर तर मारामारीच व्हायची बाकी होती. मुखेडला रत्नदुर्ग किल्ला आणि त्याच्या पायथ्याचा समुद्र हवा. अहमदपूरला थिबा राजवाडा हवा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पकडून आणलं, रत्नागिरीत ठेवलं, १९१० मध्ये राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो तिथंच वारला. अहमदपूरचं म्हणणं, "एवढा मोठा राजा, रोज समुद्र बघायचा आणि जहाजात मात्र बसायचं नाही. त्याचं घर बघितलंच पाहिजे." औशाला टिळकांचं जन्मघर. आमच्या वार्षिकाच्या संपादकानं सांगितलं, मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, १८६६ चा जन्म, गणपतीपुळ्याहून दोनेक किलोमीटरच आहे, गेला नाहीत तर लेख छापणार नाही. किनवट म्हणाला, "मला काही नको. एका जागी दोन तास बसू द्या, म्हणजे झालं."

शेवटी शीटवर असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी थिबा राजवाडा, टिळकांचं घर, संध्याकाळी मांडवी. तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे, मालगुंड; वेळ उरला तर जयगडचा किल्ला; परत येऊन रत्नदुर्ग. आणि किनवटचे दोन तास. त्या दोन तासांना मुखेडनं "फ्लोट" असं नाव दिलं आणि गाडी उशिरा आली की त्यातून कापायचे असं ठरवलं. किनवटनं त्यावर लेखी आक्षेप नोंदवला.

परवानगीच्या अर्जावर सही घ्यायला सरांकडे गेलो. सर सिव्हिलचे, कोकणात काही वर्षं काम केलेले. आम्हाला वाटलं सही करतील आणि जा म्हणतील. त्यांनी शीट टेबलावर पसरली आणि चष्मा काढला.

"भरती-ओहोटीच्या वेळा कुठं लिहिल्यात?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आम्हाला वाटलं होतं, समुद्र हा दिवसभर उघडाच असतो.

सर म्हणाले, "तुम्ही नदीच्या गावची पोरं. नदी एकाच दिशेला वाहते. समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा परत जातो." मग त्यांनी कोकणातला हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. रोज भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा. आम्ही कॅलेंडर काढलं. तिसरा दिवस मार्गशीर्ष वद्य सप्तमी. सात गुणिले पाऊण, सव्वापाच. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला भरती, आणि साडेअकराच्या आसपास ओहोटी. आम्ही गणपतीपुळ्याला बरोबर साडेअकराला पोचणार होतो.

"म्हणजे तुम्ही देवदर्शन करा, केशवसुतांच्या घरी जा, मोदक खा. पाण्यात उतरायचं नाही," सर म्हणाले. "अमावस्या-पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमाराला भरती लहान असते, हे खरं. पण ओहोटीचं पाणी आत ओढतं, ते दिसत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली कॉलेजची डझनापेक्षा जास्त पोरं बुडाली. तुमच्याच वयाची."

खोलीत कुणी बोललं नाही. सरांनी शीटच्या कोपऱ्यात स्वतःच्या अक्षरात तीन नियम लिहिले. पोहता येत नाही त्यानं गुडघ्याच्या वर पाणी घ्यायचं नाही. गावातला माणूस नको म्हणाला की नको. आणि कधी ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडं धडपडायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं. ओढीचा पट्टा अरुंद असतो.

मग सही केली आणि म्हणाले, "आणि एक बघा. तिथं पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या लातूरला सातशे-आठशे. तरी उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही वाड्यांना टँकर लागतो. जांभ्या दगडातून आणि उतारावरून पाणी थांबत नाही, निघून जातं. का ते बघून या आणि मला सांगा." रत्नागिरीजवळच्या कोकण रेल्वेच्या पानवल पुलाबद्दलही ते बोलत राहिले, ६४ मीटर उंच, जवळपास कुतुबमिनारएवढा. शीटवर जागा नव्हती, म्हणून तो "पुढच्या वेळी" या यादीत गेला.

मी स्वतःची एक अट घातली होती. मिरज आलं की मला उठवायचं. दुसरं काही नाही. ज्या गावानं आपल्याला पाणी पाठवलं ते एकदा उघड्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पेपर संपले. अहमदपूर, चाकूर आणि औसा आपापल्या घरी गेले, कारण गाडी त्यांच्या गावावरूनच जाणार होती. त्यांना उलटं नांदेडला बोलवायचं काहीच कारण नव्हतं. मी, किनवट आणि मुखेड हॉस्टेलवर राहिलो. तिघांचेही पास माझ्या शर्टच्या खिशात होते. शीटवर शेवटचं काम उरलं होतं, प्रत्येकाच्या स्टँडवरची वेळ. अहमदपूर ६.५०. चाकूर ७.३०, थांबा ५ मिनिटं. लातूरला गाडी बदलून औसा.

निघायच्या आदल्या रात्री चाकूरला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, बंद. किनवट म्हणाला, "येत नाही तो. बघ." मुखेड काहीच बोलला नाही. मी रात्रभर त्याच ७.३० च्या आकड्याकडं बघत होतो. आमच्या सगळ्या नेटवर्कमध्ये मला एवढा एकच बिंदू क्रिटिकल वाटत होता.

पहाटे पाचला गेटसमोर हात केला, गाडी थांबली. थंडी होती. लोह्याला लोक चढले. अहमदपूरला अहमदपूर चढला, हातात चिवड्याची पिशवी. मग उजाडलं. दोन्ही बाजूला तुरी उभ्या होत्या, मधेच हरभरा. चाकूर स्टँडवर गाडी वळली तेव्हा मी खिडकीतून अर्धा बाहेर होतो. स्टँडवर दूधवाला होता, शाळेची पोरं होती, एक म्हातारी कंडक्टरला उदगीरची गाडी विचारत होती. तो नव्हता.

एक मिनिट गेलं. दोन गेली. कंडक्टर म्हणाले, "चला, चला, बसून घ्या." मी म्हटलं, "मामा, दोन मिनिटं. आमचा एकजण येयलाय." ते म्हणाले, "एकासाठी पन्नास माणसं थांबवू का?" आणि तरी चहाचा ग्लास हातात घेऊन उभेच राहिले.

मोटारसायकल आली. पुढं काका, मागं तो. दोघांच्या मधे एक भलं मोठं गाठोडं. फोन मोटारीच्या हौदात पडला होता म्हणे. काकांनी गाठोडं खिडकीतून आत दिलं. "धपाटे हायत. चार दिवस टिकतेत. लसणाची चटणी वेगळी बांधलीय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "लातूर तूच का? याला विहिरीत पोहता येतंय. समुद्राचं माहीत नाही. लक्ष ठेवा."

"हो काका."

बेल वाजली. गाडी हलली तसे काका चार पावलं सोबत चालत आले. "तिथलं पाणी खारट असतंय म्हणं. खरंच का?"

मी म्हटलं, "पुस्तकात तरी तसंच आहे, काका."

"पुस्तकाचं सोड. बघून सांगा."

ट्रीपबद्दल मी फार लिहिणार नाही. सोलापूरला गाडी दीड तास उशिरा मिळाली आणि किनवटच्या दोन तासांतले दीड तास गेले; त्यानं आक्षेपाची आठवण करून दिली. मिरजेला मला उठवायला सगळे विसरले, पण मी जागाच होतो. स्टँडबाहेर एक रसाची गाडी, रिक्षा, सगळ्या गावांसारखंच गाव. तरी मी हात जोडले. आंबा घाट उतरल्यावर माती लाल झाली आणि अहमदपूर म्हणाला, "ए, जमिनीला जखम झाल्यासारखी दिसायलीय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवीला गेलो. वाळू काळी, आमच्या रानासारखी. भरती होती, तिथीच्या हिशोबाप्रमाणे. आम्ही सहाजण ओळीनं उभे राहिलो. अहमदपूर आणि औसा एकदम गप्प झाले. मग औसा हळूच म्हणाला, "आता सांगायला हरकत नाही. मी पण पहिल्यांदाच बघायलोय." अहमदपूरनं मान खाली घातली आणि आम्ही सगळे हसायला लागलो. चार हात वर गेले होते, चारही खोटे!

चाकूर पुढं गेला, गुडघ्याच्या खालीच थांबला, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकला. मग पँटला हात पुसून माझा मोबाईल मागितला.

"बाबा, खरंच खारट हाय. लई खारट." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. तो बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "नाही हो. मोजता येत नाही."

पुढच्या वर्षी ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी ती ड्रॉइंग शीट माझ्या खोलीत आहे, सरांच्या नियमांसह. गाड्यांच्या वेळा आणि पासाचे दर तेवढे स्टँडवर विचारून घ्या, ते बदलतात. शीटच्या वर मी नंतर पेनानं एक ओळ वाढवली आहे. किलोमीटर, भाडं आणि राहण्याची सोय यांच्या आधी ती भरायची आहे: "कोण येत नाहीये, आणि का?"